बसव्वाकाकूंचा माणूस

मेडिकल कॉलेजच्या गॅदरिंगमध्ये लोकांना शाली पांघरायची हौस ज्यानं कुणी सुरू केली, त्याला एकदा समोर उभं करून विचारायचं आहे मला. गॅदरिंगमध्ये पोरांनी नाचावं, गावं, एकमेकांच्या खोड्या काढाव्यात. यंदा आमच्या सोलापुरातल्या एका कॉलेजनं, नाव घेत नाही, फॅशन शो आणि डीजेच्या मधे 'कृतज्ञता सोहळा' घुसडला. आणि त्यात माझ्या शेजारच्या बसव्वाकाकूंना बोलावलं.

काकू कडक भाकरी करून विकतात. मेसचं जेवण घशाखाली उतरेना की हॉस्टेलची पोरं त्यांच्याच दारात उभी. शेंगाचटणी फुकट. "शिकनारी लेकरं हायत की, चटनीचं काय घ्यायचं," म्हणायच्या. त्यांचे मालक गुरुबसप्पा अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत यंत्रमाग दुरुस्त करायचे. धाप लागून अंथरुणाला खिळले, तेव्हा ह्याच कॉलेजच्या दवाखान्यातल्या पोरांनी त्यांना जिवापाड जपलं. म्हणून गुरुबसप्पांनी ठरवलं, मेल्यावर आपला देह ह्या पोरांना शिकायला द्यायचा. त्यांच्यामागोमाग काकूही म्हणाल्या, मग माझाही द्यायचा.

घरात भडकाच उडाला. लिंगायतांत माणसाला जाळत नाहीत. मांडी घालून बसवतात, हातात गळ्यातलं इष्टलिंग देतात आणि मातीत ठेवतात. धाकटे दीर ईरप्पा अक्कलकोटहून भांडायलाच आले. "वैनी, ती लोकं कापत्याल आन वर जाळून टाकत्याल. माज्या भावाला माती बी मिळू देनार न्हाय का तुमी?"

काकू तडक शरीररचना विभागात गेल्या. तेव्हाचे तिथले मोठे सर म्हणाले, अभ्यास संपला की जे राहील ते तुमच्या हाती देऊ, तुम्ही पुरा. काकूंना तेवढा शब्द पुरे होता. त्यांनी दिराचं तोंड बंद केलं, आणि मालक गेले तेव्हा देह कॉलेजला दिला. पुढे ते सर बदलून गेले, आणि शब्दही त्यांच्याबरोबर गेला.

कॉलेजचं निमंत्रण आलं तसा काकूंनी सरळ अर्थ काढला. अभ्यास संपला, मालक परत मिळणार. मलाही तसंच वाटलं. त्यांनी सोहळ्याच्या दिवशी सकाळीच रुद्रभूमीत, म्हणजे त्यांच्या दफनभूमीत, खड्डा खणून घेतला. विधी करणाऱ्या जंगमस्वामींना सांगितलं, ईरप्पांना तिथं बोलावून घेतलं. मला म्हणाल्या, "इंद्राबाई, चला की संगं. मालकांना एकटीनं आनायचं जड जाईल मला."

कॉलेजात आम्हाला पहिल्या रांगेत बसवलं. प्रमुख पाहुणे उशिरा आले, मग त्यांचं स्वागत, मग स्वागताचं स्वागत. मागं पोरं शिट्ट्या मारत होती. काकू इकडं तिकडं बघत होत्या, मालकांना कुठं ठेवलं असेल म्हणून.

मग दिवे मंद झाले. पडद्यावर फिल्म सुरू झाली, मागं बासरी. पांढरे एप्रन घातलेली पोरं हात जोडून उभी, पुढं फुलांनी सजवलेली चिता, मंत्र म्हणणारे गुरुजी. सई नावाची पोरगी, विद्यार्थ्यांची सेक्रेटरी, माइकवरून सांगत होती, "श्री. गुरुबसप्पा यांना आम्ही विद्यार्थ्यांनी स्वतः वर्गणी काढून, संपूर्ण विधीपूर्वक अग्नी दिला." टाळ्यांचा कडकडाट झाला. पोरांनी मनापासून केलं होतं, त्यात शंका नाही. म्हणूनच माझी तळपायाची आग मस्तकात गेली. चिता सजवायला वेळ होता, गुरुजी शोधायला वेळ होता, शूटिंग करायलाही वेळ होता. जिच्या दारात रोज भाकरीला उभे राहता, तिला तोंडानं एक शब्द विचारायला मात्र तुमच्या जिभेला लकवा मारला होता!

शाल घ्यायला काकूंचं नाव पुकारलं. त्या स्टेजवर गेल्या आणि शाल बाजूला सारली.

"मालकांना जाळलं व्हय?"

सई हसऱ्या चेहऱ्यानं त्यांच्या पाया पडायला वाकली होती, ती तशीच थांबली. "आजी, आम्ही चांगल्या भावनेनं..."

"चांगलं आसंल की. पन आमाला विचारलं का?"

माइक चालूच होता. डीन पुढं आले, हलक्या आवाजात म्हणाले, "मावशी, आमच्या लक्षात आलं नाही. पुढच्या वेळी नक्की काळजी घेऊ."

"पुढच्या येळी?" काकू म्हणाल्या. "दुसरं मालक कुटनं आनू मी?"

आम्ही फाटकापर्यंत पोचेस्तोवर आत डीजे सुरू झाला होता.

रुद्रभूमीत ईरप्पा उभे होते. आमचे रिकामे हात बघितले आणि त्यांना कळलं. आता हा माणूस 'मी सांगितलं होतं' म्हणणार आणि मी त्यांच्या अंगावर जाणार, इतकी मी पेटले होते. पण त्यांनी डोळे पुसले आणि मुकाट्यानं खोरं उचलून खड्ड्यात माती ओढायला लागले.

काकूंनी त्यांचा हात धरला.

"बुजवू नका, ईरप्पा. मेल्यावर मी न्हाय जायाची आता त्या कॉलेजात. ह्यो खड्डा माजा हाय."