वैजूचा नमस्कार

फोन आला तेव्हा मी वैजूच्या गरम पाण्याचा बंब घासत होते. दुसऱ्या दिवशी तिला सोलापूरच्या दवाखान्यातून घरी सोडणार होते. "वहिनी..." एवढंच म्हणून भावजी थांबले. मागं कुणाची तरी खुर्ची सरकल्याचा आवाज आला. मग म्हणाले, "वैजू गेली." मी फोन ठेवला आणि बंब घासतच राहिले. घासून लख्ख केला... कुणासाठी, ते हात थांबल्यावर कळलं.

वैजयंती माझी धाकटी जाऊ, भावजींची बायको. तुळजापुरात आमचं पुजाऱ्यांचं घर. देवीला येणारे यजमान आमच्याकडंच उतरतात, जेवतात. पुरणपोळी लाटावी तर वैजूनंच. एका हिवाळ्यात भांडी विसळताना तिची बोटं खडूसारखी पांढरी पडली, मग निळी. "अक्का, बघा की, मेल्यावानी झालीत," ती हसत म्हणाली. शेगडीजवळ धरली की लाल होऊन ठणकायची. आम्ही ते थंडीवर ढकललं. पुढं चेहऱ्यावरची कातडी ताणली, सुरकुत्या गेल्या. शेजारच्या बायका विचारायच्या, "काय लावता ओ तोंडाला? वय कमीच व्हायलंय तुमचं." ती लाजायची. तोंड मात्र लहान होत चाललं होतं. घास जरा मोठा झाला की आत जायचा नाही.

मग बोटं आत वळली, टोकांना जखमा झाल्या. नवरात्रात पंगत बसली होती आणि वैजू पोळ्या वाढत होती. यजमानांच्या घरातल्या एका म्हाताऱ्या बाईंनी तिचा हात बघितला आणि ताट पुढं ढकललं. "हिच्या हातचं नको. महारोग हाय हा. लागतो." सगळ्यांचे हात थांबले. वैजू पोळी हातात धरून तशीच उभी. भावजी आतून आले, आवाज न चढवता म्हणाले, "आमच्याकडं हिच्याच हातचं मिळंल. नको असंल तर उठा." ती सगळी माणसं उठली. सासऱ्यांच्या वडिलांपासून आमच्याकडं येणारं ते घर पुन्हा कधी आलं नाही. आणि वैजूनं पुन्हा कधी पंगतीत वाढलं नाही. तिला कुणी मना केलं नव्हतं...

त्याच आठवड्यात भावजींनी तिला धाराशिवला नेलं. कातडीच्या डॉक्टरांनी महारोग नाही म्हणून सांगितलं आणि सोलापूरला पाठवलं. तिथं नाव कळलं : स्क्लेरोडर्मा. शरीराची राखण करणारी ताकदच शरीरावर उलटते, आणि कातडीला, आतड्यांना, फुप्फुसांना बांधून ठेवणारं अस्तर राठ होत जातं. कुणाला लागत नाही, आणि मुळापासून जातही नाही. घरी आल्यावर मी विचारलं, "मग बरं कधी वाटंल?" ती म्हणाली, "अक्का, हा जायला नाही आला, मुक्कामाला आलाय. त्याला घरभर फिरू द्यायचं नाही, एवढंच आपल्या हातात."

तिनं ते मन लावून केलं. फ्रीज उघडायचा तर आधी लोकरीचे हातमोजे चढवायची. उन्हाळ्यातही गार पाण्याला हात लावायची नाही. थोडं थोडं, पण दिवसातून पाच-सहा वेळा खायची. आरशासमोर बसून तोंड वाकडंतिकडं ताणायचा व्यायाम करायची. मी बघून हसले की तीही हसायची, जेवढं हसता येईल तेवढं. बीपी चढलं तर किडनीला धोका, म्हणून ते मशीन उशाशीच असायचं. गोळ्यांनी तोंड यायचं, केस जायचे, पण मनानं एक गोळी बंद केली नाही. बोटांच्या जखमा भरल्या, काही वर्षं बरी गेली. आम्हाला वाटलं, जमलं.

मग कोरडा खोकला सुरू झाला. फुप्फुसं राठ व्हायला लागली होती. गोळ्या बदलल्या, सलाईनमधून औषधं झाली, तरी दम वाढतच गेला. देऊळ खाली खोलात, तिथून वर येताना पायऱ्या चढवेनात. दर पायरीवर थांबणाऱ्या वैजूला मागच्या गर्दीचे धक्के बसायचे. शेवटी तिनं देवळात जाणं सोडलं आणि आमच्या गच्चीवरून कळसाला नमस्कार करायला लागली. वळलेल्या बोटांमुळं तळहात एकमेकांना टेकायचे नाहीत. मधे फट राहायची. एकदा मी बघतेय हे तिच्या ध्यानात आलं. "मधून वारा जातो बघा, अक्का," ती म्हणाली. "देवीला चालत असंल का ओ असला नमस्कार?" मी तिच्या शेजारी उभी राहून हात जोडले. पुढं पुढं गच्चीही जमेना. ऑक्सिजनचं मशीन घरात आलं आणि त्याच्या नळीएवढंच तिचं घर उरलं.

तिला जाऊन आता दीड महिना होत आला. मशीन परत गेलं, औषधं आम्ही दवाखान्यात देऊन टाकली. परवा भावजी-वैजूची खोली झाडायला गेले तर पलंग तसाच होता, उशाकडून उंच. खाल्लेलं घशाशी येऊ नये म्हणून डॉक्टरांनी सांगितलं होतं आणि भावजींनी उशाकडच्या दोन पायांखाली विटा लावल्या होत्या. इतकी वर्षं दोघं त्या उतारावरच झोपली. मी म्हटलं, "भावजी, आता विटा काढू या का? रोज घसरून पायथ्याशी येत असाल तुम्ही."

"येतो की," ते म्हणाले. खाली वाकून त्यांनी एक वीट हातानं चाचपली, जरा आत सरकवली. "राहू द्या, वहिनी. सपाट जागेवर मला झोप लागत नाही आता."