स्थानिक कारागीर

मॅडमनी शेणाची बादली पायाने माझ्याकडे सरकवली.

"तू सारव. तुमच्याकडे हे रक्तातच असतं."

सगळा वर्ग उभा होता. बादली माझ्याच पायाशी आली. सई हसली. "अगं, तू तर प्रो असशील!"

मी मानपाड्याला बिल्डिंगमध्ये वाढले. घरात फरशी आहे. आई फिनाइल टाकून पुसते. शेणात हात मी जन्मात घातला नव्हता. पण मॅडमना माझं आडनाव माहीत होतं. तेवढं त्यांना पुरलं.

ठाण्यातलं डिझाइन कॉलेज. विषय, जमिनीला पुन्हा जीव देणारी कला. सिमेंट नको, प्लास्टिक नको. मॅडम प्रत्येक तासाला सांगायच्या, "मातीतून घेतलं ते मातीला परत द्यायचं." अंगणात मातीची भिंत उभारायची होती. तिचं वळण माझं. पावसाचं पाणी पायथ्याशी मुरावं, खोबणींत चिमण्यांनी घरटी करावीत, हे मी कागदावर काढलेलं. तो कागद मॅडमनी माझ्या हातातून घेतला आणि सईला दिला. "प्रदर्शनात पाहुण्यांसमोर ती बोलेल. तू हाताने छान करतेस."

मी सारवलं. दुपारी डबा उघडला तर शेजारच्या मुली सरकून बसल्या. भिंतीवर तेच शेण 'टेक्श्चर' होतं. माझ्या नखांत घाण.

बाबा कंपनीतल्या युनियनची पत्रकं घरी आणायचे. लहानपणी मी त्यांच्या कोऱ्या बाजूवर चित्रं काढली. छापलेली बाजू त्या आठवड्यात पहिल्यांदा नीट वाचली. राबतं कोण आणि नाव कोणाचं लागतं, हेच प्रत्येक पत्रकात विचारलेलं.

प्रदर्शनाच्या दिवशी भिंतीशेजारी पाटी लागली. संकल्पना: सई. मार्गदर्शन: मॅडम. सारवण: स्थानिक कारागीर.

"मॅडम, स्थानिक कारागीर कोण?"

"किती मनाला लावून घेतेस गं! कलेत मी-मी करायचं नसतं."

"मग तुमचं नाव कशाला?"

"आवाज खाली. पाहुणे आलेत. आणि इथे कशी आलीस ते विसरू नकोस."

माती कालवायचं फावडं कोपऱ्यात होतं. पहिला घाव मी वळणावर घातला. माझ्याच वळणावर. भिंत आतून अजून ओली होती, मांसासारखी फाटली. सई किंचाळली. मॅडमनी माझं मनगट धरलं, नखं रुतवली. रक्त आलं. मी हिसडा दिला. मॅडम ढेकळांत पडल्या. पाहुणे मोबाइल धरून उभे. मी हाणत राहिले. भिंत जमीनदोस्त होईपर्यंत.

"वेडी झालीस का?" मॅडम ओरडल्या.

"मातीतून घेतलेलं मातीला परत देतेय. तुम्हीच शिकवलंत."

आता कॉलेज म्हणतं, माफी माग, तरच परीक्षेला बसू देऊ. आई रडते. बाबा एवढंच म्हणाले, "तुझं तू ठरव."

ठरलं.

माफी मागणार नाही. सोमवारी त्याच फाटकातून आत जाणार. माती तिथेच पडली आहे आणि वळण माझ्या डोक्यात आहे. भिंत मी पुन्हा उभारणार. शेणाची बादली वर्गातल्या प्रत्येकाच्या हातात देणार, सगळ्यात आधी मॅडमच्या. आणि भिंत ओली असतानाच तिच्यावर खिळ्याने माझं नाव कोरणार. आडनावासकट.

पुसायचं असेल त्याने यावं. फावडं माझ्या हातात असेल.