शंकासुराने सोडलेला जोड

माझे भावोजी, म्हणजे ताईचा नवरा, बॉयलरच्या कारखान्यात एक्स-रे काढतात. माणसांचे नाही, पोलादाचे. दोन जाड पत्रे वेल्डिंगने जोडले की त्या जोडाच्या पोटात कुठे पोकळी राहिली आहे का, भेग आहे का, हे बाहेरून कळत नाही. भावोजी जेवणाच्या सुट्टीत सगळ्यांना लांब पाठवतात, दोरी बांधतात, लाल दिवा लावतात आणि फोटो घेतात. मग अंधाऱ्या खोलीत उजेडाच्या पेटीवर फिल्म ठेवून भिंगातून बघत बसतात. जोड चांगला असला तर सही. नसला तर त्या जागी पिवळ्या खडूने गोल. गोल पडला की वेल्डरने तेवढा भाग घासून काढायचा आणि पुन्हा भरायचा.

कारखान्यात त्यांना शंकासुर म्हणतात, तेही तोंडावर. स्पष्ट दोष दिसल्यावर कुणीही नापास करेल. भावोजी नुसती शंका आली तरी गोल करतात. घरीही तोच प्रकार. गॅस बंद आहे का ते तीनदा बघणार, दाराची कडी दोनदा. ताई सांगते, लग्नाला तिने होकार दिला तेव्हा यांनी "नक्की ना?" म्हणून पुन्हा विचारून घेतलं होतं.

असा माणूस स्वतःच्या पोटाची वेळ आली तेव्हा कसा वागला, ते मला सांगायचं आहे. माझा राग अजून पुरता गेलेला नाही, हे आधीच सांगून टाकते.

कारखान्यात एक वेल्डर होता, भावोजींचा अठ्ठावीस वर्षांपासूनचा दोस्त. त्याचा हात इतका साफ की त्याच्या जोडावर वर्षातून एखादाच गोल पडायचा. एकदा पाळी संपताना तसा गोल पडला. दोस्त म्हणाला, "अरे, एवढासा ठिपका आहे, सोड ना." भावोजींनी सोडला नाही. दोस्ताने निमूटपणे घासून काढला आणि आठवडाभर यांच्याशी अबोला धरला. मागच्या वर्षी तो मोठ्या आतड्याच्या कॅन्सरने गेला. कळलं तेव्हा फार पसरला होता, चार महिन्यांत आटोपलं.

ताई हबकली. भावोजी त्रेपन्न वर्षांचे, दोस्ताच्याच वयाचे. ती त्यांना धरून आमच्या नेहमीच्या डॉक्टरांकडे घेऊन गेली आणि वकिली करायला मला सोबत नेलं. मी शाळेत गणित शिकवते. माझ्या आवाजावर तिचा विश्वास आहे.

डॉक्टर म्हणाले, "या वयात काही त्रास नसला तरी सगळ्यांनीच आतडं तपासून घ्यावं. कॅन्सर होण्याआधी बहुतेक वेळा आतल्या बाजूला छोटा कोंब येतो, पॉलिप म्हणतात त्याला. तो वेळेत काढला की प्रश्न मिटला. दुर्बीण घालून बघता येतं."

"कुठून घालून?" भावोजींनी विचारलं.

डॉक्टरांनी सांगितलं. भावोजींचा चेहरा पडला. "त्यापेक्षा दुसरं काही?"

"सीटी स्कॅन आहे. बाहेरून फोटो काढायचे आणि कॉम्प्युटरवर आतडं आतून बघायचं. भूल नाही, काही नाही. पण नीट ऐका. स्कॅन फक्त दाखवतो. काही सापडलं तर काढायला दुर्बीणच लागते."

भावोजींनी पहिलं अर्धं वाक्य ऐकलं आणि दुसरं सोडून दिलं. फोटो म्हणजे त्यांच्या घरचाच मामला. बाहेर आल्यावर म्हणाले, "बघ छोटी, उगाच चिरफाड न करता आतलं बघायचं. आयुष्यभर मी दुसरं काय केलं?"

ताईला हॉस्पिटलच्या वासानेच गरगरतं, म्हणून स्कॅनच्या दिवशी मी गेले. आत जाताना भावोजी अगदी पाहुणचाराला आल्यासारखे खुशीत होते. तिथल्या माणसाने बोटाएवढी मऊ नळी दाखवली तेव्हा खुशी उतरली.

"स्कॅनला नळी कशाला?"

"आतड्यात हवा भरायला, काका. फुगलं नाही तर दिसणार काय?"

पंधरा मिनिटांत काम झालं. आधी उताणे, मग पालथे. भावोजी बाहेर आले ते जरा फुगलेले, पण मान ताठ. अर्ध्या तासाने स्कॅनच्या डॉक्टरांनी आत बोलावलं. माझ्या मुलीच्या वयाची पोरगी, पण बोलण्यात पक्की. म्हणाली, "दोन ठिकाणी काहीतरी दिसतंय. मल आहे की कोंब, सांगता येत नाही. काल सगळी औषधं घेतली होती ना?"

भावोजी पडद्यापाशी सरकले. खिशातून चष्मा काढून लावला आणि फिल्मकडे बघतात तसे बघत राहिले. कितीतरी वेळ. मग हळूच म्हणाले, "हा फोटो मी नापास केला असता. साफसफाईच नीट नाही."

"मी तेच विचारतेय," ती म्हणाली.

मग एकेक गोष्ट बाहेर आली. आदल्या दिवशी फक्त पातळ घ्यायचं होतं. हे दुपारी कारखान्याच्या फाटकाशी बसणाऱ्या बाईकडून पेरू घेऊन खाऊन मोकळे. मल फोटोत पांढरा उठून दिसावा म्हणून एक औषध प्यायचं होतं. खडूसारखं लागतं म्हणून दुसरी बाटली अर्धी मोरीत ओतली. पोट साफ करायच्या पावडरीलाही अर्धाच न्याय मिळाला होता.

"पण का?" मी विचारलं.

"अगं, माझे किरण चाळीस मिलिमीटर पोलादातून आरपार जातात. त्यांच्यापुढे एक पेरू तो काय!"

मग माझा तोल सुटला. जोडावर काळी खरपुडी राहिली तर फोटोच घेत नाही म्हणून वेल्डरना झापणारा हा माणूस! मी तिथल्या तिथे त्यांना फैलावर घेतलं. बाहेरच्या बाकावरची माणसं आत डोकावून बघू लागली. भावोजी चष्मा पुसत बसले. डॉक्टर पोरगी खाली मान घालून हसत होती, हे माझ्या नंतर लक्षात आलं.

तीन आठवड्यांनी पुन्हा. या वेळी ताईने पावडर समोर उभी राहून पाजली, आणि भावोजींनी स्वतः एक कागद करून प्रत्येक पेल्यापुढे वेळ आणि सही टाकली. फोटो लख्ख आला. एक डाग गायब झाला होता, तो पेरू. दुसरा होता तिथेच होता, उताण्या फोटोतही आणि पालथ्या फोटोतही. नऊ मिलिमीटर.

"जागचा हलला नाही, म्हणजे हा कोंबच आहे," डॉक्टर म्हणाली. "बहुतेक साधाच असेल. पण याला ठेवू नये. दुर्बिणीने काढून घ्या."

"वर्षभर लक्ष ठेवलं तर? एवढासा तर आहे."

"मी ठेवा म्हणणार नाही. विचार करून सांगा."

आम्ही बाहेर बाकावर येऊन बसलो. मला फार भीती वाटत होती. हा माणूस आता रिपोर्ट घडी करून कपाटात ठेवेल आणि ताई एक दिवस एकटी राहील, हे मला दिसत होतं. बोलायला तोंड उघडलं, तर तेच बोलले.

"एवढासा तर आहे, असं म्हणालो ना मी आत?"

"हो."

"त्यानेही असंच म्हटलं होतं." दोस्ताबद्दल बोलताहेत हे मला कळलं. मला वाटलं, त्या जोडाची गोष्ट पुन्हा सांगणार. पण ते म्हणाले, "छोटी, त्याने मला सांगितलं होतं. जायच्या दोन वर्षं आधी. डबा खाताना म्हणाला, संडासात रक्त जातंय. मी म्हटलं, मूळव्याध असेल, पाणी पी जास्त. आणि लोणचं घेतलं त्याच्या डब्यातलं."

त्यांनी मांडीवरचा रिपोर्ट हाताने सरळ केला.

"तीस वर्षांत शंका असलेला एकही जोड मी सोडला नाही. फक्त तो सोडला."

त्यांनी डोळे पुसले. मग वरच्या खिशातून पिवळा खडू काढला. तो त्यांच्या खिशात कायम असतोच. रिपोर्टवर जिथे 'नऊ मिलिमीटर' लिहिलं होतं तिथे गोल केला आणि उठून आत तारीख घ्यायला गेले.

दुर्बिणीचं म्हणाल तर भावोजी झोपेत होते, त्यांना काही कळलंही नाही. ज्याला एवढे घाबरले ते अर्ध्या तासात उरकलं. कोंब काढला, तपासला. कॅन्सर नव्हता, पण काही वर्षांत होऊ शकेल अशा जातीचा होता. ताई रिपोर्ट वाचून रडली आणि मग त्यांच्यावर दिवसभर चिडली.

पुढच्या रविवारी ते दोस्ताच्या घरी गेले. मला म्हणाले, तू चल, मला एकट्याला जमणार नाही. दोस्ताची बायको, वहिनी, घरी एकट्याच होत्या. भावोजींनी पाणी प्यायच्या आधी सांगून टाकलं. डबा, रक्त, मूळव्याध, सगळं. सांगताना पेला हातात तसाच होता.

वहिनींनी खिडकीकडे बघितलं. मग म्हणाल्या, "मलाही सांगितलं होतं त्यांनी. मीही तेच म्हटलं होतं."

मला तिथून उठून जावंसं वाटलं. शेवटी भावोजींनी पेला खाली ठेवला.

"वहिनी, तुमचं वय किती?"

"एक्कावन्न. का हो?"

"तुमची तारीख घेऊ या. स्कॅन घ्या, नाहीतर दुर्बीण, तुम्हाला पटेल ते."

"अहो, मला काही होत नाहीये."

"माहीत आहे," भावोजी म्हणाले. "गुरुवारी चालेल? आणि बुधवारी पेरू खायचा नाही."