दुनळीचं रुखवत

नोकरीत मी आयुष्यभर वजनं जुळवली. सिल्वासाच्या आमच्या कारखान्यात सूत गुंडाळायची यंत्रं होती. त्यातलं एखादं चाक डुलायला लागलं की त्याच्या हलक्या बाजूला शिशाचा तुकडा बसवायचा, चाक गप्प. एक चाक तर मी असं जुळवलं होतं की वीज गेली तरी ते पाळी बदलेपर्यंत फिरत राहिलं. खोटं वाटत असेल तर त्या चाकाला जाऊन विचारा. अशा माणसाला एका बंदुकीचं वजन जुळवता येईना, ही गोष्ट मी इतकी वर्षं कोणाला सांगितली नव्हती. आता सांगतो, कारण त्या फजितीचे माझ्यावर फार उपकार आहेत.

निवृत्त झालो तेव्हा सुरंगी गावाच्या कडेला आमचं घर बांधून तयार होतं. एका बाजूला जंगल, दुसऱ्या बाजूला भातखाचरं, आणि शेजारी म्हणावा तर हाक मारल्यावर ती उद्या पोचेल इतक्या लांब. मी हरखून तिथे राहायला गेलो. बायको मात्र सिल्वासात, डोकमर्डीच्या भाड्याच्या फ्लॅटमध्येच राहिली. आमच्या विहिरीवरची मोटर केबलसकट चोरीला गेली होती आणि तेव्हापासून तिने त्या घरात एकही रात्र काढायची नाही असं ठरवलं होतं. एकाच संसाराचे दोन स्वयंपाक चालले होते. माझा कसला स्वयंपाक, रोज खिचडी. त्या खिचडीला मांजरसुद्धा वास घेऊन नमस्कार करायचं.

"अगं, घरात बाराबोअर आहे," मी म्हणालो.

"बंदूक आहे, पण धरणारा कुठे आहे?" ती म्हणाली. "अहो, भलताच कोणी दारात आला तर काय करणार? त्याला वजनकाटा दाखवणार?"

ती दुनळी बंदूक तिच्या वडिलांची. नाशिककडे त्यांची द्राक्षबाग होती. वय झालं तेव्हा त्यांनी सगळे कागद रीतसर करून परवाना माझ्या नावावर करवला होता. बंदूक तिने लहानपणापासून पाहिलेली, मी फक्त कपाटात ठेवलेली. तिने अट घातली. पुढच्या महिन्यातल्या पहिल्या रविवारी ती येणार, चुलीवर चहा ठेवणार, आणि चहाला उकळी येईपर्यंत मी रिकामी बंदूक खांद्याला लावून उभं राहायचं. नळी डुलली नाही तर तिने सामान बांधून इथे यायचं, डुलली तर घर विकायचं.

घर विकायचं! मी कामाला लागलो.

दादऱ्याच्या रस्त्यावर एक म्हातारा परवानाधारक बंदूक दुरुस्तीवाला होता. सगळे त्याला काका म्हणायचे. माणूस गुजराती, तोंडात दात चार, पण हात सोन्याचे. आधी मी नळीखाली बॅटरी लावून घेतली, दारातला माणूस चोर आहे की पोस्टमन ते दिसायला नको? बॅटरी मोठी घेतली. इतकी मोठी की ती लावून पाहिली तेव्हा दमणच्या कोळ्यांनी होड्या किनाऱ्याला वळवल्या असणार. काकांनी बंदूक हातात तोलली आणि मान हलवली.

"आ तो भारे थई गई, भाई."

मी खूश. पण नळी आता पुढे झुकायला लागली. मग माझ्यातला फोरमन जागा झाला. पुढे जड झालं, तर मागे शिसं घाला! दस्त्याच्या पोकळीत शिशाचा गट्टू बसवला.

"बहु भारे!" काका डोळे मोठे करून म्हणाले.

मला चेव आला. दस्त्यावर काडतुसांची चामडी पट्टी चढवली. खांद्याला धक्का नको म्हणून रबराची गादी बसवली. वर हत्तीला बांधावा असा रुंद पट्टा. प्रत्येक वेळी काका बंदूक उचलायचे, कण्हायचे आणि म्हणायचे, "भारे करी तमे, भाई! बहु भारे!" इतकं कौतुक मला तीस वर्षांच्या नोकरीत मिळालं नव्हतं. परत येताना रिक्षात बंदूक मागच्या सीटवर ठेवली, तर पुढचं चाक उचललं गेलं आणि वानगंगा तलावाच्या वळणापर्यंत आम्ही दोन चाकांवर गेलो.

रविवारी सकाळी ती आली. आल्याआल्या बंदूक उघडून दोन्ही नळ्या रिकाम्या असल्याची खात्री तिने स्वतः करून घेतली. मग चहाचं पातेलं चढवलं आणि अंगणाच्या पायरीवर येऊन बसली. मी मोकळ्या शेताच्या दिशेने बंदूक खांद्याला लावली.

सुरुवातीला नळी ताडाच्या शेंड्यावर होती. साखर विरघळेपर्यंत ती ताडाच्या बुंध्यावर आली. मग कुंपणावर. मग तुळशीच्या मागच्या बादलीवर. बंदूक अशी डुलत होती की तिच्यावरच्या काडतुसांच्या रिकाम्या पट्टीतून टाळ्या वाजाव्यात. शेवटी नळी जमिनीला टेकली आणि मी तिच्यावर म्हाताऱ्याच्या काठीसारखा रेललो. आत पाणी अजून कोमटच.

ती उठली. बंदूक हातात घेतली आणि खालीवर न्याहाळली. "बाबांची बंदूक आहे ही? का रुखवत मांडलंय? चिवड्याचा डबा तेवढा राहिला बांधायचा."

"हसतेस काय? तो म्हातारा जन्मभर बंदुका दुरुस्त करतोय. दर वेळी म्हणाला, भारी झाली!"

"नेमकं काय म्हणाला?"

"बहु भारे."

तिने माझ्याकडे पाहिलं. मग पायरीवर बसली आणि पदर तोंडावर धरून इतकी हसली की माझ्या लक्षात आलं, महिन्याभरात मी तिचं हसू ऐकलंच नव्हतं. "अहो, भारे म्हणजे जड! तो बिचारा ओरडत होता, जड झाली, बस करा!"

आता तुम्ही म्हणाल, तीस वर्षं इथे राहून याला एवढं कळू नये? कळत होतं हो. कारखान्यात पोती उचलताना रोज तोच शब्द कानावर पडायचा. पण माणसाच्या स्वतःच्या वस्तूबद्दल कोणी बोललं की त्याचे कान लगेच मायबोलीत ऐकायला लागतात.

अट तर हरलो होतो. मी घर विकायच्या तयारीने चपला घातल्या. ती म्हणाली, "चला, दादऱ्याला. पुढच्या रविवारी पुन्हा चहा ठेवते. पण या वेळी मी सांगेन तसं."

काकांनी तिला पाहून हात जोडले. "बेन, में तो दर वखते कह्युं, भारे छे! साहेब राजी थई जाय!" तिने एकेक वस्तू काढायला लावली. शिसं निघालं, हत्तीचा पट्टा निघाला, काडतुसांची पट्टी निघून साध्या पिशवीत गेली. रबराची गादी ठेवली. बॅटरीच्या जागी बोटाएवढी छोटी आली. काकांनी बंदूक तोलली आणि एक शब्द बोलले नाहीत. तीच मला मिळालेली पावती.

आठवडाभर ती रोज दुपारी बसने यायची आणि मला उभं राहायला शिकवायची. "कोपर खाली. पाय थोडे फाकवा. बंदूक हाताने नाही, अंगाने धरायची. बाबा असंच धरायचे." वडिलांबद्दल ती इतकं कधी बोलली नव्हती. माझा खांदा दुखायचा आणि मला वाटायचं, दुखू दे.

दुसऱ्या रविवारी चहा चढला. नळी ताडाच्या शेंड्यावर लागली आणि तिथेच राहिली. नळीवर कावळा येऊन बसला, त्यालाही ती फांदी वाटली असणार. आतून फसफस आवाज आला. नळीकडे बघता बघता ती चुलीकडे बघायचं विसरली होती आणि सगळा चहा उतू गेला होता.

"उकळी कधी आली?" मी न हलता विचारलं.

"आली केव्हाची," ती म्हणाली. "ठेवा आता खाली."

तिसऱ्या दिवशी टेम्पोतून तिचं सामान आलं. ती बंदूक आजवर कोणावर रोखायची वेळ आली नाही, देवाची कृपा. ती कपाटात कुलूपबंद असते. आणि जी बाई या घरात एक रात्र काढायला तयार नव्हती, ती आता दुपारी पुढचं दार सताड उघडं टाकून ओटीवर घोरत पडते. मी पाय न वाजवता येतो आणि तिच्या अंगावर पंखा वळवतो.