मुक्ताईच्या दारात पाय गेले तेव्हा

त्या दिवसांत मी मुक्ताईवर रुसले होते. पाठ कित्येक महिने दुखत होती, संध्याकाळी कणकण यायची, जेवण जात नव्हतं. गादी बदलून झाली, तेल झालं, मलम झालं. गावातले डॉक्टर म्हणाले, वजन उचलल्यानं होतं. मी वजन उचलणं सोडलं तरी दुखणं मला सोडेना. यजमान मला मुक्ताईनगरला घेऊन गेले तेही माझ्या मनाविरुद्धच. जिने एवढे दिवस ऐकलं नाही, ती आता काय ऐकणार, असं वाटत होतं.

देवळात डोकं टेकवलं आणि उठता येईना. पाय माझे राहिलेच नाहीत. मागच्या एका म्हाताऱ्या अक्कांनी मला काखेत धरून उठवलं. पाठीवर हात फिरवताना मणक्यावरच्या उंचवट्याशी त्यांचा हात थबकला.

"माय, तुले संध्याकाये ताप येस का?"

मी हो म्हटलं. त्यांचा चेहरा उतरला. "मन्ही सूनलेबी असंच व्हतं. आम्हले उशीर व्हई गया. ती आते चालत नही. तू आजच मोठा दवाखानामा जाय."

यजमानांनी मला तिथूनच जळगावला नेलं. एमआरआयमध्ये दोन मणके झिजलेले आणि मज्जारज्जूवर पूचा दाब आलेला दिसला. सुईनं नमुना काढून तपासला. डॉक्टर म्हणाले, "मणक्याचा टीबी आहे."

"पण मला तर खोकलासुद्धा नाही!"

"टीबी हाडालाही होतो, ताई. बरं वाटलं तरी गोळ्या मध्येच सोडायच्या नाहीत."

ऑपरेशन करून पू काढला. मग पट्टा, गोळ्या आणि अंथरूण. गोळ्यांनी लघवी लाल व्हायची, अन्न नकोसं व्हायचं. भेटायला आलेले दारातूनच परत जायचे. सगळ्यात कठीण गेलं ते सासूबाईंकडून शौचाचं भांडं घेणं. त्या सगळं करायच्या आणि मी भिंतीकडे तोंड करून रडायचे. एकदा त्या माझी वेणी घालत म्हणाल्या, "लाजू नको. करू दे मला." त्या दिवसापासून मी करू दिलं. देवाच्या स्वाधीन होणं म्हणतात ते मला तेव्हा कळलं.

गोळ्यांचा कोर्स पुरा झाला. आज मी चालते, पण डावा पाय ओढत, आणि पाठ वाकलेलीच राहिली. त्या अक्कांचं गाव विचारायचं राहून गेलं. बरी झाले म्हणून दिवा लावते, पण हात जोडले की माझं नाव तोंडी येत नाही. कुठल्याशा घरात पडून असलेल्या त्या सुनेसाठीच मागते.