अकरावी पायरी

आमच्या हॉस्पिटलच्या धुलाई खात्यात काका बावीस वर्षं मशीन चालवत होते. दोन दिवसांच्या वर त्यांना कधी रजा मिळाली नाही, कारण ते जुनं धूड दुसऱ्या कोणाला दादच द्यायचं नाही. लेकीचं बाळंतपण तोंडावर आलं, तेव्हा काकांनी महिनाभराची रजा मागितली.

साहेब म्हणाले, "आधी एसओपी लिहा, मग खुशाल जा."

"ही काय नवी भानगड?"

"काम कसं करायचं त्याच्या पायऱ्या. वाचून कोणीही केलं तरी तुमच्यासारखंच झालं पाहिजे."

काका मनातून सुखावले. इतक्या वर्षांत त्यांना कोणी काही विचारलंच नव्हतं. चादरी झटका, आत चमचे निघतात, इथपासून त्यांनी दहा पायऱ्या लिहिल्या.

बदली म्हणून मी. मी इस्त्रीवाली, पण कागदातलं अक्षरन् अक्षर पाळलं. कपडे पिळायची वेळ आली की मशीन बंद! असं तीनदा झालं. साहेबांनी रजेचा अर्ज खणात टाकला आणि काकांचं तोंड एवढंसं झालं. मशीनला एक लाथ घालावी इतका मला राग आला. घातली असती तर उलगडा तेव्हाच झाला असता.

दुपारी काकू डबा घेऊन आल्या. काका मशीनपुढे उभे होते आणि मशीन गुमान चालू होतं. काकूंनी तो कागद वाचला.

"यात गुडघा कुठाय?"

"कसला गुडघा?"

"डावा. मशीनच्या दाराला लावून उभे आहात तो. घरचं कपाटही असंच लावता."

काकांनी खाली पाहिलं. दाराची कडी सैल झालेली, पिळताना हादऱ्यानं सुटेल अशी, आणि तिला दाबून धरलेला स्वतःचा गुडघा. इतकी वर्षं तो तिथे होता आणि मालकालाच पत्ता नव्हता! अकरावी पायरी लिहिली गेली. मी गुडघा लावला, मशीन चाललं, साहेबांनी सही केली.

तिसऱ्या दिवशी काकांचा फोन. "मशीन अडलं का गं?"

"नाही काका, मस्त चाललंय."

"बरं," म्हणाले, पण आवाज पडला होता. आठव्या दिवशीही तेच. मी थोडं खोटं बोलले असते तर माझं काय बिघडलं असतं?

पुढचं काकूंनी सांगितलं. नात रडायला लागली की कोणाला आवरायची नाही, आजोबांनी घेतली की दोन मिनिटांत गप्प. लेक म्हणाली, "बाबा, कसं करता ते लिहून द्या ना."

"एकदा दिलं लिहून," काका म्हणाले. "आता नाही. मग मला बोलावणार कोण?"