आईच्या खोलीतला स्पीकर

जानेफळच्या घरी वडिलांनी नवा अ‍ॅम्प्लिफायर आणला तो आईसाठी. त्याआधी ती न्हाणीत घसरून पडली होती. खुब्याचं ऑपरेशन झालं, पण तिचं चालणं पलंगापासून दारापर्यंतच उरलं. दिवसभर मागच्या खोलीत पडून ती कंटाळते, याचं वडिलांना फार वाईट वाटायचं.

वडील पंचायत समितीत कारकून होते. नोकरी सांभाळून त्यांनी आयुष्यभर अ‍ॅम्प्लिफायर बनवले, गावातल्या भजनी मंडळाचाही त्यांनीच बांधून दिलेला. हात थरथरायला लागल्यावर मात्र सोल्डरिंग सुटलं, म्हणून हे तयार यंत्र घेतलं. त्यावर तीन खोल्यांचे स्पीकर चालत. बैठकीत बातम्या, स्वयंपाकघरात नाट्यगीत, आईकडे अभंग, सगळं एकाच वेळी, आणि प्रत्येक खोलीचा आवाज मोबाइलवरून कमी-जास्त. वडील खुर्चीत बसून बोट फिरवत आणि मागच्या खोलीत अभंग सुरू होई. मी मेहकरला शाळेत शिकवते. रविवारी गेले की ते मला हौसेनं सगळं दाखवत.

एका रविवारी मी पोचले तेव्हा घर गप्प होतं. वडील म्हणाले, "बंद पडून राह्यला हा. चालू केला की टक् वाजते, थोडं गाते अन् पुन्हा टक् करून गप."

त्यांनी प्लग काढला, पण मला झाकणाला हात लावू दिला नाही. आतले मोठे कपॅसिटर वीज तोडल्यावरही काही वेळ भरलेले असतात, म्हणून आधी चहा झाला. मग मी स्क्रू काढले आणि ते शेजारी बसून सांगत गेले. हा जड ट्रान्सफॉर्मर घरातली वीज उतरवतो. त्या कपॅसिटरांत ती साठते. मोबाइलमधून येणारं गाणं इतकं क्षीण असतं की त्यानं स्पीकरचा पडदा हलतसुद्धा नाही. ते ट्रान्झिस्टरपाशी जातं आणि ट्रान्झिस्टर त्याच्या इशाऱ्यावर साठलेली वीज कमी-जास्त सोडतो. पाटाचं दार लहान पोरगंही उचलतं, पाणी मात्र धरणाचं वाहतं, तसं. इथं अशी तीन दारं होती, प्रत्येक खोलीला आपलं.

"अन् टक् कशाचं?" मी विचारलं.

त्यांनी स्पीकरच्या तारांजवळची एक चौकोनी डबी दाखवली. तो रिले, स्पीकर जोडणारी-तोडणारी आपोआप चालणारी कळ. कुठं दोन तारा एकमेकींना चिकटल्या, वीज बेसुमार वाहायला लागली की तो सगळ्या स्पीकरांची जोडणी तोडून टाकतो, नाहीतर ट्रान्झिस्टर जळतील. म्हणजे बिघाड आत नसेलही, बाहेर कुठंतरी असेल.

आत काही जळालेलं दिसलं नाही. मी झाकण बसवलं, मागच्या स्पीकरच्या सगळ्या वायरी काढल्या आणि यंत्र चालू केलं. ते चालूच राहिलं. प्रत्येक वेळी बंद करून एकेक वायर जोडत गेलो. बैठकीची ठीक, स्वयंपाकघराची ठीक. आईच्या खोलीची जोडली, बैठकीतल्या स्पीकरवर अभंगाची पहिली ओळ आली आणि टक् झालं.

उंदरानं वायर कुरतडली असेल असं वाटून मी ती भिंतीभिंतीनं बघत मागच्या खोलीत गेले. वायर धड होती. स्पीकर आईच्या उशाशी फळीवर असायचा. त्याच्या मागून दोन्ही तारा ओढून काढलेल्या आणि त्यांची उघडी टोकं एकमेकींत गुंतलेली.

"म्याच काढल्या," आई म्हणाली.

"काऊन आई? आवाज जास्त होत होता का?"

ती हळूच म्हणाली, "आधी मोबाइलवर गाणं लावून द्यायले तरी तुझे बाबा इथं येत. दोन घटका बसत. आता तिकडूनच लावतात."

वडील माझ्या मागे दारात उभे होते. त्यांनी ऐकलं हे त्यांच्या चेहऱ्यावरून कळलं. ते आत आले, पलंगाच्या कडेला बसले आणि हात तिच्या पांघरुणावर ठेवला. "मले वाटलं, गाण्यानं तुले करमन," एवढंच म्हणाले.

"करमते," आई म्हणाली, "पण तुम्ही दिसत नाही."

त्या दुपारी आम्ही अ‍ॅम्प्लिफायर उचलून तिच्या खोलीत आणला. बाकीच्या खोल्यांच्या वायरी तिकडून वळवता वळवता जेवण राहून गेलं. वडिलांनी आपली खुर्चीही तिथं आणवली. आई पलंगावरून सांगत होती, अशी ठेवा, खिडकीचा उजेड अडवू नका, आणि ते ऐकत होते.

मागच्या रविवारी गेले तेव्हा यंत्र बंदच होतं. शेजारच्या लग्नाला कोण आलं होतं आणि कोण नाही, यावरून दोघांचं चाललं होतं. आईचा आवाज वडिलांपेक्षा मोठा होता. मी चहा ठेवायला स्वयंपाकघरात गेले, तिथपर्यंत तो स्वच्छ ऐकू येत होता.